अध्यक्षांची खुर्ची आणि मुलींचा कैवार

धर्मादाय संस्थांचे वार्षिक अहवाल वाचण्याचा योग आम्हांस वारंवार येतो. आणि या वाङ्मयप्रकाराकडे आमच्या टीकाकारांचें लक्ष अद्यापि कसें गेलें नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें. याचे संकेत महाकाव्याच्या संकेतांइतकेच ठरून गेलेले आहेत. आरंभीं संस्थापकांची तसबीर. मग अध्यक्षांचें मनोगत. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मान्यवरांची नामावळी. त्यानंतर वह्यांचें वांटप, ब्लँकेटांचें वांटप, रक्तदान, वृक्षारोपण, नेत्रतपासणी. आणि अखेरीस ताळेबंद व लेखापरीक्षकाची सही. परभणी जिल्ह्यांतील निरनिराळ्या संस्थांचे असे कांहीं अहवाल आम्हीं नुकतेच ओळीनें वाचून काढले. किती वह्या वांटल्या, त्यांची संख्या त्यांत आहे. कोणाच्या शुभहस्तें वांटल्या, तें तर ठळक अक्षरांत आहे. पण ज्या मुलीला वही दिली, ती पुढल्या वर्षीं शाळेंत होती कीं सासरीं होती, हें एकाहि अहवालांत आम्हांस आढळलें नाहीं.

हा प्रश्न आम्ही उगाच विचारीत नाहीं. सन २०१९–२१ च्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनें परभणी जिल्ह्याविषयीं एक आंकडा जगापुढें ठेवला आहे. वीस ते चोवीस वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ४८ जणींचीं लग्नें त्यांना अठरावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच झालेलीं होतीं. साऱ्या महाराष्ट्राचें हेंच प्रमाण शेंकडा २२ च्या घरांत आहे. आणि राज्यांतील दुसऱ्या कोणत्याहि जिल्ह्याचा आंकडा परभणीच्या वर गेलेला नाहीं. ऊसतोडीचें नांव निघालें कीं ज्या बीडकडे सर्वजण बोट दाखवितात, तो शेजारचा जिल्हाहि या बाबतींत परभणीच्या मागेंच आहे. ज्या जिल्ह्यांत गल्लोगल्लीं 'बहुउद्देशीय सेवाभावी संस्था' अशा पाट्या लागलेल्या आहेत, त्याच जिल्ह्यांत दोन मुलींमागें जवळजवळ एकीचें बाळपण मांडवांत संपतें. या दोन गोष्टी एकाच ठिकाणीं, एकाच वेळीं सुखानें नांदूं शकतात, याचें कारण आमच्या मतें एकच आहे. आमच्या संस्थांच्या पुढाऱ्यांनीं देण्याचें काम पत्करलें आणि बोलण्याचें काम टाकून दिलें.

अध्यक्ष कशासाठीं असतो? दप्तर चिटणीस ठेवतो. पैसा कोषाध्यक्ष सांभाळतो. उन्हातान्हांत गांवोगांव हिंडण्याचें काम तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या कार्यकर्त्या करतात. मग खुर्ची त्याला कां दिली? दिली ती अशासाठीं, कीं जिल्ह्याच्या गांवीं त्याची वकिली चालते, दवाखाना चालतो किंवा आडत चालते. कचेरींत त्याला 'बसा' म्हणतात. पोलीस ठाण्यांत त्याचा फोन उचलला जातो. हें जें त्याचें वजन, तें ज्यांना कसलेंच वजन नाहीं त्यांच्यासाठीं त्यानें खर्ची घालावें, हा त्या पदामागचा करार आहे. आमच्या पुढाऱ्यांनीं हा व्यवहार नेमका उलटा करून टाकला आहे. आतां संस्थेच्या पुण्याईनें अध्यक्षांचें वजन वाढतें, आणि वाढलेलें वजन नगरपालिकेच्या निवडणुकींत, बाजार समितींत किंवा फार तर जांवयाच्या बदलीच्या कामीं येतें.

गांवांतला बालविवाह थांबवावयाचा तर तेथें बोलावयाचें कोणीं, याचा वाचकांनीं क्षणभर विचार करावा. कायद्याप्रमाणें हा अधिकार, ज्याला गांव अजून ग्रामसेवक म्हणूनच ओळखतें, त्या अधिकाऱ्याकडे आहे, आणि त्याच्या मदतीस अंगणवाडी सेविका आहे. पण ग्रामसेवकाला सरपंचाबरोबर रोज काम करावयाचें असतें, आणि नवरदेव पुष्कळदां सरपंचाच्याच भावकींतला निघतो. अंगणवाडी सेविका तर गांवचीच सून. तिनें कळविलें हें फुटलें, म्हणजे दुसऱ्या दिवशीं तिच्या दारावरून जाणारी प्रत्येक बाई तिला चार शब्द ऐकवून जाते. तिच्या नवऱ्याला पारावर कोणी बसूं देत नाहीं. शाळामास्तरांना बदलीचें भय. मुलीची आई मनांतून नको म्हणत असली, तरी तिचें मत विचारतो कोण? ज्याचें पोट त्या गांवावर अवलंबून नाहीं, ज्याचें घर त्या गल्लींत नाहीं, आणि ज्याच्या बोलण्याला तहसील कचेरींत किंमत आहे, असा माणूस या साऱ्या प्रकरणांत एकच उरतो, आणि तो म्हणजे जिल्ह्याच्या गांवीं पंख्याखालीं बसलेला संस्थेचा अध्यक्ष. तोच गप्प बसला, तर सेविकेनें धैर्य दाखवावें असें व्याख्यान देण्याचा त्याला काय अधिकार पोंचतो?

बरें, असें बोलण्यास कायद्याची आडकाठी आहे काय? उलट कायद्यानें त्याला हांक मारून बोलाविलें आहे. २००६ सालचा बालविवाह प्रतिबंध कायदा आमच्या अध्यक्षमंडळींनीं एकदां चष्मा लावून वाचावा. त्याच्या १३ व्या कलमान्वयें प्रथम वर्गाचा न्यायदंडाधिकारी ठरलेल्या लग्नाविरुद्ध मनाई हुकूम काढूं शकतो. आणि त्यासाठीं तक्रार कोणीं करावी हें सांगतांना त्या कलमानें स्वयंसेवी संस्थेचा उल्लेख नांवानिशीं केलेला आहे. असा हुकूम मोडून लग्न लावलें, तर १४ व्या कलमाप्रमाणें तें मुळापासूनच रद्द. १६ वें कलम आणखी पुढें जातें. प्रतिबंधक अधिकाऱ्यास साह्य करण्याची विनंती सरकार संस्थेच्या पदाधिकाऱ्यास करूं शकतें, आणि अशी विनंती झाल्यावर त्याप्रमाणें वागणें पदाधिकाऱ्यास बंधनकारक आहे. आणि ११ वें कलम? अशा लग्नाला उत्तेजन देणें, हयगयीनें तें होऊं देणें, या अपराधांच्या वर्णनांत लग्नास हजर राहणेंहि गणलेलें आहे. ज्या अध्यक्षांनीं फेटा बांधून अशा मांडवांत अक्षता टाकल्या असतील व वर संस्थेच्या नांवें आहेरहि केला असेल, त्यांनीं हें कलम दोनदां वाचावें. सामुदायिक विवाहाचे सोहळे भरविण्याची हौस असलेल्या संस्थांनीं तर जन्मतारखेचे दाखले तपासणारा एक कारकून आधीं नेमावा व बँडवाला मागाहून ठरवावा.

येथें आम्हांस थोडें मागें पाहावेंसें वाटतें, कारण परभणीचा इतिहास या मुकेपणाला शोभत नाहीं. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. ब्रिटिश हिंदुस्थानांत १९२९ सालीं शारदा कायदा मंजूर झाला, पण त्याचा अंमल ब्रिटिश हिंदुस्थानापुरताच. आणि त्याच सुमारास हैदराबाद राज्यांत लोकांच्या वांट्याला आली ती गश्ती निशाण ५३, म्हणजे पूर्वपरवानगीशिवाय सभा भरवूं नये असा हुकूम. खाजगी शाळा काढावयाची तरी सरकारची मर्जी सांभाळावी लागे. अशा दिवसांत सेलूच्या नूतन विद्यालयासारख्या शाळा उभ्या राहिल्या. गांवोगांव वाचनालयें निघालीं. सरकारी शाळेंत उर्दू हीच शिक्षणाची भाषा असतां मराठींत शिकविणें, ही त्या काळीं नुसती सेवा नव्हती. तें एक म्हणणें होतें, आणि तें मांडणाऱ्यांना आपण काय करतों आहों याची पुरी जाणीव होती. १९३७ सालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें तें परतूर येथें. तें गांव त्या वेळीं परभणी जिल्ह्यांतच होतें. अंबाजोगाईच्या शाळेचे मुख्याध्यापक पुढें साऱ्या हैदराबाद संस्थानच्या लढ्याचे पुढारी झाले. त्या स्वामी रामानंद तीर्थांचें नांव आज नांदेडच्या विद्यापीठाला आहे. म्हणजे शाळा चालविणें आणि लोकांचा कैवार घेणें, या दोन गोष्टी त्या पिढीला निराळ्या वाटतच नव्हत्या. तेव्हां बोलण्याची बंदी होती आणि संस्था बोलत होत्या. आज कायदा 'बोला' म्हणून सांगतो आहे, आणि आमचे अध्यक्ष वह्यांचे गठ्ठे सोडीत बसले आहेत.

यावर एक ठराविक उत्तर येतें, कीं 'आम्ही सेवा करतों. हें राजकारण आम्हांस नको.' हें उत्तर ऐकलें म्हणजे आम्हांस रमाबाई रानडे आठवतात. १९०९ सालीं पुण्याचें सेवासदन निघालें, तेव्हां शिवण, शिक्षण, रोग्यांची शुश्रूषा असलींच निरुपद्रवी कामें तेथें चालत. त्या बाई स्वभावानें सौम्य. भांडखोर असें त्यांना त्यांच्या विरोधकांनींहि म्हटलें नसतें. पण १९२० च्या सुमारास पुण्यांत सक्तीचें प्राथमिक शिक्षण मुलांपुरतेंच ठेवावें असें म्हणणारा पक्ष पुढें आला, तेव्हां रमाबाई आणि विठ्ठल रामजी शिंदे यांनीं मुलींच्या बाजूनें चळवळ केली, आणि पुण्याच्या रस्त्यांवर त्यासाठीं मिरवणूक निघाली. त्याच बाईंनीं पुढें स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्नहि हातीं घेतला. सेवासदनाच्या देणगीदारांपैकीं कांहींचीं तोंडें तेव्हां वांकडीं झालीं असतील तर आम्हांस आश्चर्य वाटणार नाहीं. परंतु शाळेंत आलेल्या मुलींना शिवण शिकवावयाचें आणि शाळेंत येऊं न दिलेल्या मुलींविषयीं ब्र काढावयाचा नाहीं, ही वांटणी त्यांना सुचली नाहीं.

जुन्या काळींच जावें लागतें असेंहि नाहीं. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांनीं दलित महिला विकास मंडळाच्या कामांतून 'लेक लाडकी अभियान' काढलें, आणि गर्भलिंगतपासणी करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीपुराव्यानिशीं पकडून देण्याचें जोखमीचें काम अंगावर घेतलें. त्यांना वह्या वांटतां आल्या नसत्या काय? खुद्द परभणी जिल्ह्यांत, पालम तालुक्यांतील केरवाडीसारख्या आडगांवीं, सूर्यकांत कुलकर्णी यांनीं मुलांसाठीं 'स्वप्नभूमी' उभी केली. आणि तेथील मुलांचें जेवणखाण पाहून ते थांबले नाहींत, तर बालमजुरीचा व शाळाबाह्य मुलांचा प्रश्न त्यांनीं जिल्ह्याच्या हद्दीबाहेर नेऊन मांडला. हें उदाहरण आम्ही मुद्दाम घेतों, कारण 'आमच्याकडे हें चालायचें नाहीं' असें म्हणणाऱ्यांना केरवाडी कांहीं दूर नाहीं.

अनुदानाचा मुद्दा मात्र आम्ही झिडकारून टाकणार नाहीं. ज्याच्या वसतिगृहांत चाळीस मुलें जेवतात, ज्याचें सरकारी अनुदान महिनोन् महिने अडकून पडतें आणि किराणा दुकानदार उधारीची आठवण करून देतो, त्या माणसानें त्याच सरकारच्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार करावी असें घरांत बसून सांगणें सोपें आहे. कंपन्यांचा पैसा त्याहून नाजूक. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांना नफ्याचा शेंकडा २ भाग समाजकार्यावर खर्च करावयास लावलें, ही गोष्ट चांगली झाली. पण त्या पैशाला छायाचित्रांत दिसणाऱ्या वस्तूंची ओढ असते. सायकल दिसते, दप्तर दिसतें. न झालेलें लग्न कोणत्या छायाचित्रांत दिसणार? हें सारें आम्हांस मान्य आहे. पण आमचा प्रश्न या अडलेल्या लोकांना नाहींच. नोंदलेल्या संस्थांपैकीं ज्यांना दिडकीचें अनुदान नाहीं, ज्या चार मित्रांच्या वर्गणीवर चालतात, त्यांच्या तोंडाला कुलूप कोणीं घातलें? आणि अडलेल्यांच्या वतीनें न अडलेल्यांनीं बोलावें, जिल्ह्यांतील पंधरा-वीस संस्थांनीं एका कागदावर सह्या करून जिल्हाधिकाऱ्यांकडे जावें, म्हणजे एकाच्याच अनुदानावर गदा येणार नाहीं, ही साधी युक्ति सुचावयास फार मोठी बुद्धि लागत नाहीं. पण सह्यांच्या क्रमावरूनच जेथें बैठक मोडते, तेथें कागद कचेरीपर्यंत पोंचावयाचा कसा?

कोणी असें समजूं नये कीं आमच्या पुढाऱ्यांना वकिली जमत नाहीं. संस्थापक वारले, आणि खुर्ची थोरल्यानें घ्यावी कीं धाकट्यानें, असा प्रश्न निघाला, म्हणजे त्यांची वकिली पाहावी! सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याचें २२ वें कलम त्यांना तोंडपाठ असतें. नव्वद दिवसांच्या आंत चेंज रिपोर्ट दाखल करावयाचा हें ते विसरत नाहींत. त्यावर हरकती, हरकतींवर उत्तरें, धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीचे हेलपाटे, हें सर्व वर्षानुवर्षें न थकतां चालतें. आमच्या माहितींतील एका संस्थेंत दोन गटांनीं दोन कार्यकारिणी दाखल केल्या आणि दोन्ही गटांनीं एकाच दिवशीं दोन ठिकाणीं संस्थापकांची पुण्यतिथि साजरी केली; संस्थेच्या शाळेचें गळकें छप्पर तेवढें कोणाच्याच वाट्याला आलें नाहीं. इतकी चिकाटी एखाद्या मुलीच्या जन्मदाखल्यासाठीं कोणीं दाखविली असती, तर! स्त्रियांचीं नांवें या कार्यकारिणींवर असतात, हें खरें. पण पुष्कळ ठिकाणीं त्या अध्यक्षांच्या पत्नी, सुना आणि वहिनी असतात, व ठरावाची वही त्यांच्याकडे स्वयंपाकघरांत सहीसाठीं जाते. ज्या कार्यकर्तीला तालुक्यांतील प्रत्येक तांड्याची वाट माहीत आहे, ती मात्र सभेच्या दिवशीं चहाचे कप मोजीत असते. तिला खुर्ची द्या, असें आम्ही म्हणतों तेव्हां तें औदार्य म्हणून म्हणत नाहीं. कोणत्या घरीं हळद कालवली जात आहे, हें तिला अध्यक्षांच्या आधीं आठ दिवस कळलेलें असतें, एवढेंच आमचें कारण आहे.

आतां एका आक्षेपाकडे वळूं. हा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो गांवांतले लोक घेतात, पुढारी नव्हेत. ते म्हणतात, 'तुम्ही लग्न मोडून जाल. पुढें त्या मुलीचें काय?' हा प्रश्न करणारे आईबाप मुलीचे वैरी नसतात. दिवाळीच्या आगेंमागें गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्याला अर्धा कोयता धरतात. मुलाचें लग्न झालें कीं घरांत एक पुरा कोयता वाढतो. मुलीच्या बाजूनें पाहावें, तर वयांत आलेली पोर पांच-सहा महिने गांवीं कोणाच्या भरंवशावर ठेवावयाची? म्हातारी आजी तिला राखील कीं तीच आजीला राखील? आणि फडावरच्या कोपींत बरोबर न्यावी, तर तेथें दार नाहीं, कडी नाहीं, आईबाप पहांटेच्या अंधारांत उसांत गेलेले. त्यांतून गांवची शाळा सातवी-आठवीला संपलेली. अशा बापाला लग्न ही क्रूरता वाटत नाहीं. त्याला तो एक बंदोबस्त वाटतो. त्याच्यापुढें १३ वें कलम वाचून दाखविणारा अध्यक्ष आम्हांसहि पुरा पडणार नाहीं.

म्हणून कैवार घ्यावयाचा तो लग्नाच्या आदल्या रात्रीं पोलीस नेऊन नव्हे, निदान तेवढ्यावर थांबून नव्हे. तो दसऱ्याच्या आधीं घ्यावा लागतो. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांनीं गांवींच राहून शिकावें म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तीं टोळ्या निघण्यापूर्वीं उघडलीं पाहिजेत. टोळी गेल्यावर उघडलेलें वसतिगृह रिकामेंच राहणार. कोणत्या गांवांत किती मुली मागें राहणार, त्यांची यादी जिल्हा परिषदेकडे कोणीं द्यावयाची? ग्रामसभेंत हा विषय घ्या असा लेखी आग्रह कोणीं धरावयाचा? आठवीच्या पुढच्या मुलींना शेजारच्या गांवीं जावयाचें, तर एस. टी.चा पास त्यांना फुकट आहे. पण शाळा सुटल्यावर दोन तासांनीं अंधारांत गाडी येत असेल, किंवा येतच नसेल, तर त्या पासाचें करावयाचें काय? ती गाडी संध्याकाळीं पांच वाजतां यावी, असा अर्ज गंगाखेडच्या वा जिंतूरच्या आगारांत नेऊन द्यावयाचा, त्याची पोंच घ्यावयाची, पंधरा दिवसांनीं पुन्हां जावयाचें, या कामांत शाल मिळत नाहीं आणि वर्तमानपत्रांत फोटोहि येत नाहीं. आगारप्रमुखानें पहिल्या खेपेस 'डबे कमी आहेत' म्हणून सांगितलें, तर अध्यक्षमहाशयांनीं दुसऱ्या खेपेस त्या मुलींच्या आयांना बरोबर घेऊन जावें, आणि तेथें आपण मागें उभें राहून बोलणें त्यांच्याकडे द्यावें.